तुरीत उभा जावई

मला फक्त लाईटची तार काढायची होती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते ऐकून तुम्हीही माझ्या सासऱ्यांच्या बाजूनं बोलायला लागाल. (लागतातच. आजवर एकही माणूस माझ्या बाजूनं बोललेला नाही. माझी सख्खी आईसुद्धा.)

फोटो माझ्या बायकोनं, राजकन्यानं काढलेला. तिचं माहेर कंधारजवळच्या एका गावात. तिच्या वडलांनी, म्हणजे ग्यानोबामामांनी, रानातच नवं घर बांधायला काढलं होतं. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा स्लॅब पडलेला होता. संध्याकाळच्या वेळी राजकन्या मोबाईल घेऊन स्लॅबवर चढली आणि तिनं एक फोटो काढला.

काय फोटो होता म्हणून सांगू! तिरकं ऊन, फुलावर आलेली तूर, मधून डोकावणारी काळीभोर माती, लांबवर तळ्याचं चकाकणारं पाणी आणि त्याच्याही पलीकडं किल्ल्याची अंधूक भिंत. मी दहादा त्या रानात गेलोय. मला तिथं आजवर चिखल, गोचीड आणि कुत्रं एवढंच दिसलेलं. तेच रान हिच्या मोबाईलमध्ये इतकं देखणं कसं झालं, मला कळेना. ही बाई शाळेत पोरांना भूगोल शिकवते, पण तिची नजर खरंच वेगळी आहे. मी मनापासून सांगतो, कौतुक करायला मी कधी कमी पडत नाही.

फोटोत मीसुद्धा होतो. रानाच्या मधोमध उभा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात चप्पल, तोंड उघडं. (राजकन्या वरून ओरडली होती, “अहो, बाजूला व्हा!” मला ऐकू आलं, “बाजूला बघा.” मी बाजूला बघितलं. त्या पोझमध्ये माझं नाक बरं दिसतं, असं माझं मत आहे.)

मामांना फोटो इतका आवडला की त्यांनी हुकूमच सोडला. नव्या घराच्या हॉलमध्ये, दारातून आत आलं की समोर, हाच फोटो पाहिजे, म्हैस मावेल एवढा मोठा. वास्तुशांतीच्या दिवशी भावकीनं बघितला पाहिजे.

भावकीत एकच माणूस महत्त्वाचा होता. शेषेराव, मामांचे चुलतभाऊ. दोघांची रानं लागून आणि बायकाही सख्ख्या बहिणी. माझ्या सासूबाई कावेरीबाई थोरल्या, शेषेरावांच्या कोंडाबाई धाकट्या. पण मामांचं आणि शेषेरावांचं धुऱ्यावरून फाटलं आणि दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालं. बहिणी-बहिणी बाजारात भेटल्या तर भाजीवाल्याकडं बघत एकमेकींशी बोलायच्या. सासूबाईंना नव्या घराचं कौतुक होतंच, पण त्यांच्या जिवाला एकच लागलेलं होतं. कोंडाबाईनं या घरात येऊन पंगतीला बसावं. शेवटी त्या स्वतः आमंत्रण घेऊन गेल्या आणि शेषेराव “बगू” म्हणाले. त्या ‘बगू’वर सासूबाई पंधरवडाभर हसतमुख होत्या.

आता धुरा म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेल. मलाही माहीत होतं. मी नांदेडला कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. आमच्याकडं दर निरोपसमारंभात कोणी ना कोणी म्हणतंच, “सरांनी संस्थेची धुरा समर्थपणे सांभाळली.” म्हणजे जबाबदारी, पुढारपण. तेव्हा भावकीचा पुढारी कोण यावरून हे दोघं भांडले असणार, हे मी लग्नानंतर लगेच ओळखलं होतं. मला असल्या गोष्टी चटकन कळतात.

वास्तुशांतीच्या तयारीसाठी राजकन्या पुढं माहेरी गेली. जाताना म्हणाली, “फोटो तुमच्या लॅपटॉपवर टाकलाय. वजिराबादेत सलीमभाईंकडून तेवढा मोठा करून, फ्रेम करून आणा. दुसरं काही करू नका.”

दुसरं काही करू नका, हे वाक्य ती मला इतक्या वेळा म्हणते की आता ते मला ‘जपून जा’सारखं वाटतं.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप उघडला. फोटो पडदाभर केला आणि मला आभाळातून गेलेली ती तार दिसली. इतक्या सुंदर आभाळावर काळी रेघ! मला ते बघवेना. ऑफिसात एकानं मला फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. ते कसं वापरायचं याचे व्हिडिओ मी जेवताना बघतो. (तोंडी लावायला.) त्यात एक शिक्का असतो. एका जागेवरचा तुकडा उचलायचा आणि दुसऱ्या जागेवर मारायचा. मी तारेशेजारचं आभाळ उचललं आणि तारेवर मारलं. तार गेली!

तुम्हाला काय सांगू, मला काय वाटलं! लाईट ऑफिसला सांगून सांगून जी तार सरळ होत नाही, ती मी घरबसल्या गायब केली. तार गेल्यावर खांब उगीच उभा राहिल्यासारखा वाटायला लागला. तोही काढला. खांब गेल्यावर त्याच्यापुढची काटेरी बाभूळ डोळ्यात खुपायला लागली. बाभळीचं काय सौंदर्य? काढली.

तेवढ्यात राजकन्याचा फोन आला. त्यांच्या रानात रेंज म्हणजे मांजरीसारखी, येते तेव्हा येते.

“काय करून राहिले?”

“तुझा फोटो सुधारून राहिलो.”

“सुधारून? बिघडलाय कुठं तो?”

“तार काढतोय गं फक्त.”

“तार काढा. पण धु... हात लावू नका बरं!”

“कशाला?”

“धु...राला! फोटोतल्या धु...ला! तो नीट दिसू द्या. त्याच्यावरच सगळं हाय!”

आणि रेंज गेली.

धूर? मी फोटोत धूर शोधायला लागलो. सापडला! पार कडेला, शेषेरावांच्या रानात कापून रचलेली, ताडपत्री घातलेली सोयाबीनची गंज होती आणि तिच्याशेजारी कोणीतरी तीन दगडांवर चहा ठेवला असावा. तिथून केसाएवढी बारीक धुराची रेघ वर जात होती. मी कपाळावर हात मारून घेतला. वा रे माझी राणी! मला तार दिसली, हिला धूर दिसला. ‘त्याच्यावरच सगळं हाय’ म्हणे! कलाकाराची नजर ती हीच.

मी धुराला हात लावला नाही. म्हणजे लावला, पण चांगल्या अर्थानं. ‘नीट दिसू द्या’ म्हणाली होती, म्हणून तोच धूर उचलून त्याच्यावरच चार-सहा वेळा मारला. मग वर जरा फुगवला. मस्त ढगासारखा लोट झाला.

बायकोची इच्छा पुरी केल्यावर मी मोकळ्या मनानं बाकीच्या कामाला लागलो. रानाच्या मधून एक मातकट, वेडीवाकडी रेघ गेली होती. पायवाट असेल असं मला वाटलं. (मी फोटोत त्याच रेघेवर उभा होतो हे खरं, पण पायाखाली काय आहे ते मी सहसा बघत नाही. राजकन्याला विचारा.) इकडची तूर उचलली आणि रेघेवर मारत गेलो. रेघेवर एक पांढरं काहीतरी पडलं होतं, प्लास्टिकची पिशवी वाटली. स्वच्छता म्हणून तीही काढली. शेवटी दोन्ही रानं मिळून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच हिरवंगार तुरीचं रान झालं. फक्त मी ज्यावर उभा होतो ती रेघच गेल्यामुळं मी तुरीत कमरेपर्यंत बुडालो. माझी दुमडलेली पॅन्ट झाकली गेली, म्हणून मी तसाच राहू दिला. चेहऱ्यावर थोडा उजेडही वाढवला.

सलीमभाईंनी पेनड्राईव्ह लावला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बघतच राहिले.

“क्या बात है अंगदभाई! ये फोटो है की गालिचा?”

“मी स्वतः एडिट केलाय.”

“क्या सफाई है! कुछ बाकीच नै रखा.”

मी हे कौतुक समजलो. आजही समजतो.

फ्रेम घेऊन मी कंधारच्या बसमध्ये चढलो. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एवढी मोठी फ्रेम बघून म्हाताऱ्या बायकांनी उठून जागा दिली. एकीनं तर हात जोडले. “कोन्ता देव हाय, भाऊ?”

“देव नाही, आजी. तूर आहे.”

आजींनी जोडलेले हात तसेच पुन्हा पदरात घेतले आणि कंधार येईपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही.

वास्तुशांतीच्या सकाळी मी फ्रेम भिंतीवर लावली आणि वरून टॉवेल टाकला. राजकन्या आत पुरणाच्या पातेल्यापाशी होती, तिला बघायला सवड नव्हती. मीही म्हटलं, सगळ्यांबरोबर बघू दे, चकित होईल. होम झाला, पूजा झाली, पाहुणे जमले. सासूबाईंचे डोळे दाराकडं.

आणि शेषेराव आले! पांढरा फेटा, इस्त्रीचं धोतर आणि मागं डोक्यावर पदर घेतलेल्या कोंडाबाई. सासूबाई धावतच गेल्या. दोघी बहिणी दारातच एकमेकींना धरून रडल्या. मामा नुसते “या” म्हणाले. शेषेराव नुसते “हाव” म्हणाले. पण म्हणाले, हे काय थोडं झालं?

सासूबाईंनी डोळे पुसले. “कोंडे, त्यो टावेल काढ. मपल्या लेकीनं काढलाय फोटू. तुझ्याच हातानं उघडायचा.”

कोंडाबाईंनी टॉवेल ओढला.

“अगं माय! कसलं देखणं हाय गं!”

खरं सांगतो, तो एक क्षण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण होता. हॉलभर लोक ‘आहा, आहा’ करत होते. मी दाराला टेकून, नम्रपणे, सगळ्यांना दिसेन असा उभा राहिलो.

शेषेराव पुढं गेले. त्यांनी खिशातून चष्मा काढला. फोटोवर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडं नेलं. मग उजवीकडून डावीकडं नेलं.

“धुरा कुठाय?”

मला वाटलं धुराची चौकशी चालली आहे. खेड्यात लोक शब्दाला एखादा काना जास्त लावतातच. मी लगबगीनं पुढं झालो.

“हा काय काका, इकडं कोपऱ्यात! मी त्याला अजिबात हात लावला नाही. उलट वाढवला.”

“वाढिवला?”

“हो, अगदीच बारीक होता ना! चांगला जाड केला.”

“कोन्त्या अंगानं?”

“तुमच्याच अंगानं! तुमच्या रानात तर होता.”

हॉलमधलं ‘आहा’ बंद झालं. शेषेरावांनी माझ्या बोटाकडं बघितलं. बोटाच्या टोकाला त्यांची गंज होती आणि गंजीतून हा एवढा लोट आभाळाला भिडलेला.

“ही तर मपली गंज हाय!” शेषेरावांचा आवाज फुटला. “पेटिवली! धुरा पुसला, बाभूळ तोडली, मोजणीचा दगुड उपटला आन् मपली गंज पेटिवली! आन् वरून मधी ह्यो कोन उभा केलाय?”

“मी आहे तो,” मी म्हणालो. (का म्हणालो, मला अजून कळलेलं नाही.)

“बगा! धुऱ्याच्या जागी जावई उभा केला!”

मागून कोणीतरी पुटपुटलं, “लोक धुरा कोरतेत. ग्यानोबानं गिळला की.”

मामा भिंतीजवळ गेले, त्यांनी फोटो बघितला आणि माझ्याकडं वळले. त्या नजरेत मला माझं लग्न ठरल्याचा दिवस दिसला आणि त्या दिवसाबद्दल त्यांना आता काय वाटतं तेही दिसलं.

“कोंडे,” शेषेराव म्हणाले, “चप्पल घाल.”

कोंडाबाई जागच्या हलल्या नाहीत. सासूबाई हळदीकुंकवाचं ताट धरून माझ्याकडं बघत उभ्या होत्या. त्यापेक्षा त्यांनी ते ताट माझ्या डोक्यात घातलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी इतकी वाट बघितल्यावर त्यांची बहीण दाराच्या आत आली होती आणि मी तिला एका शिक्क्यानं बाहेर काढत होतो.

तेवढ्यात आतून पुरणाच्या हातानं राजकन्या आली. तिनं फोटो बघितला. मग मला बघितलं.

“मी काय सांगितलं होतं? धुऱ्याला हात लावू नका!”

“नाहीच लावला! हा काय धूर...”

“धूर नव्हं हो! धुरा! दोन रानाच्या मधला धुरा!”

“तो बांध,” मी म्हणालो. “त्याला बांध म्हणतात.”

“बांद तळ्याला असतो,” मामा दात आवळून म्हणाले.

“काका,” राजकन्या शेषेरावांकडं वळली, “हे लातुरात वाढले, तेही बसस्टँडमागं. ह्यांनी कधी धुरा बघितला नाही. बघितला तर त्याच्यावर उभे राहतात आणि विचारतात, रान कुठंय.”

शेषेराव माझ्याकडं निरखून बघत होते. “मंग जावई, मी आन् ग्यानोबा इतकी सालं कशावरून भांडून राहिलो, आसं वाटलं तुमाला?”

खोटं बोलायला सुचलं नाही. “पुढारपणावरून. म्हणजे... भावकीची धुरा कोणी सांभाळायची...”

शेषेरावांनी मामांकडं बघितलं.

“ह्याचं पुढारपन? ह्याचं तर बैल आयकत न्हाई.”

“आन् तुपलं कोन आयकतंय?” मामा म्हणाले. “तुपली बायकू बग, आजून चप्पल घातली न्हाई तिनं.”

सगळ्यांनी कोंडाबाईंकडं बघितलं. त्या ताटाची दुसरी बाजू धरून उभ्या होत्या. आधी त्याच हसल्या, पदर तोंडाशी धरून. मग सासूबाई. शेषेरावांच्या मिशा हलल्या, पण त्यांनी त्या आवरल्या. “हसन्यावारी नेऊ नका. धुऱ्याचं बोला.”

राजकन्यानं पदराला हात पुसले आणि मोबाईल काढला. तिच्या मोबाईलमध्ये मूळ फोटो होता, मी हात न लावलेला. तिनं तो शेषेरावांच्या हातात दिला.

शेषेराव बघत राहिले. मामाही मान वाकडी करून डोकावले. एवढासा पडदा, दोन म्हातारी माणसं. एकाचा फेटा दुसऱ्याच्या टोपीला टेकला, तरी कोणी सरकलं नाही. धुरा होता, जसा होता तसाच. बाभूळ होती. मी पिशवी समजून काढलेला चुना लावलेला दगड उन्हात चमकत होता. त्याच्या एका अंगाला मामांची तूर, दुसऱ्या अंगाला शेषेरावांची तूर, आणि दोन्हीवर तेच ऊन.

“ही मपली तूर हाय?” शेषेराव हळूच म्हणाले.

“हाव, काका.”

“लई देखणी दिसती.”

“हायच,” मामा म्हणाले. “अवंदा तुपली तूर मपल्यापरीस बरी हाय. मी मनात म्हनलं व्हतं, बोललो न्हाई.”

मी तुम्हाला सांगतो, मोजणीवाल्यांना, पंचांना जे जमलं नव्हतं ते माझ्या बायकोच्या फोटोनं केलं. तारेसकट, खांबासकट, बाभळीसकट केलं. मला तिचा असा अभिमान वाटला की मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिनं मला कोपरानं बाजूला केलं.

एवढ्यात शेषेरावांनी पडदा डोळ्यांजवळ नेला.

“ग्यानोबा, धुऱ्यावर ह्यो डाग कशाचा हाय?”

“कुठं?”

“ह्यो बग, मधोमध.”

राजकन्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. डाग वाढत वाढत गेला. आधी दुमडलेली पॅन्ट दिसली, मग चप्पल, मग उघडं तोंड.

शेषेरावांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा पडद्याकडं.

“काढता येतो का?” शेषेरावांनी विचारलं.

“येतो की,” राजकन्या म्हणाली.

शेषेरावांनी मामांकडं बघितलं. मामांनी शेषेरावांकडं बघितलं. दोघांत भांडण लागल्यापासून एकाही गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं नव्हतं.

“काढ,” दोघं एकदम म्हणाले.

मला तारेला अख्खी दुपार लागली होती. राजकन्यानं माझ्यावरून एक बोट फिरवलं आणि मी गेलो. तिनं कुठलाही शिक्का मारला नाही, व्हिडिओ बघितला नाही, आणि माझ्या अंदाजानं फार वाईटही वाटून घेतलं नाही. शेषेरावांनी मान डोलावली, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, “आता बराबर हाय. चला, वाढा.”

पंगत बसली. कोंडाबाई आणि सासूबाई एका ताटात जेवल्या. सासूबाईंनी मलाही आग्रह करून पुरणपोळी वाढली आणि तूप वाढताना म्हणाल्या, “जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यामुळंच जमलं सगळं.” त्या खरंच मनापासून बोलल्या.

नवा फोटो सलीमभाईंनी करून दिला. (“इसमेंसे आप किधर गये, अंगदभाई?” “सफाई झाली,” मी म्हणालो.) आता तो हॉलमध्ये लागलाय. तार आहे, खांब आहे, बाभूळ आहे, आणि मी उभा होतो त्या जागी राजकन्याच्या बोटानं शेजारची हरळी ओढून आणलीय, हिरवीगार. येईल त्या पाहुण्याला मामा काठीनं नेमकी तीच जागा दाखवतात. शेषेराव शेजारी बसलेले असले तर तेही मान डोलावतात.

“इथं आधी आमचे जावई व्हते. आता हरळी हाय. हरळीनं माती तरी धरून ऱ्हाती.”